भट्टीच्या माथ्यावरची ज्वाला

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराच्या आसपास रात्रीचे आकाश तांबूस दिसे. लोखंडाच्या उंच भट्ट्यांच्या माथ्यांवर ज्वाला धडधडत असत. पाहणाऱ्यास तो देखावा मोठा भव्य वाटे. वस्तुतः ती सारी उधळपट्टी होती.

झोतभट्टीत वरून लोखंडाचे खनिज, कोक व चुनखडी टाकतात आणि खालून जोराचा वारा फुंकतात. कोक जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निर्माण होतो. तो खनिजातील ऑक्सिजन ओढून घेतो आणि लोखंड मोकळे होते. परंतु सगळाच वायू ह्या कामी येत नाही. उरलेला वर निघून जातो, आणि तो ज्वलनशील असतो. माथ्यावर पेटे तो हाच.

त्या काळच्या कारखानदारांची एक ठाम समजूत होती : वारा जितका थंड, तितके लोखंड चांगले. हिवाळ्यात भट्टी चांगली चाले, एवढाच तिला आधार. खरे कारण थंडी नसून हिवाळी हवेचा कोरडेपणा हे होते. ग्लासगोच्या गॅस-कारखान्याचा व्यवस्थापक जेम्स नीलसन ह्याने नेमकी उलट युक्ती काढली. वारा आधी तापवून मग भट्टीत सोडावा, ह्या युक्तीचे पेटंट त्याने १८२८ मध्ये घेतले. क्लाइड कारखान्यात १८२९ मध्ये एक टन लोखंडामागे सुमारे ८ टन कोळसा लागे. १८३३ मध्ये तो ३ टनांच्या आत आला!

मात्र वारा तापविण्यासाठी निराळा कोळसा जाळावा लागे. आणि डोक्यावर तर फुकटची आग पेटलेली! जर्मनीतील वासरआल्फिंगन येथे फाबर द्यु फाउर ह्याने पुढच्या काही वर्षांत तो वायूच ह्या कामाला जुंपला. १८५७ मध्ये एडवर्ड कौपर ह्या इंग्रज अभियंत्याने विटांच्या जाळीचा मनोरा योजिला. आधी त्यात वायू जाळून विटा तापवावयाच्या. मग वायू बंद करून त्याच विटांमधून थंड वारा सोडावयाचा. एक मनोरा तापत असता दुसरा आपली उष्णता वाऱ्याला देतो. असे मनोरे आजही झोतभट्ट्यांशेजारी उभे असतात, आणि त्यांतील वारा १,००० अंश सेल्सिअसच्याही वर तापतो.

तरीही वायू उरतोच. उत्तर स्वीडनमधील लूलेओ शहरी तो वीजघरात जाळतात. विजेबरोबर मिळणाऱ्या उष्णतेने पाणी तापवितात आणि ते जमिनीखालच्या नळांतून घरोघर फिरवितात. बाहेर बर्फाचे थर, आत उबदार खोल्या! मूळचा वायू मात्र घरांपर्यंत कधीच येत नाही, हे बरेच; कारण तो अत्यंत विषारी असून त्याला रंग नाही, वासही नाही.

२०२४ मध्ये लूलेओच्या पोलाद कारखान्याने कोकवरील भट्टीच्या जागी विजेच्या भट्ट्या उभारण्याचे ठरविले. जुनी भट्टी विझली की हा वायूही थांबेल, आणि शहराला आपल्या लांबलचक हिवाळ्यासाठी ऊब दुसरीकडून मिळवावी लागेल.