तिकीट आहे, पण जागा आहे का?

मंडळी, गाडीचे तिकीट आणि गाडीतली जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऐकायला हे सोपे वाटते. पण हा फरक ध्यानात न आल्यामुळे रात्री-बेरात्री धामणगावच्या फलाटावर म्हातारी माणसे आणि लेकुरवाळ्या बाया हैराण झालेल्या दिसतात. म्हणून आज त्याविषयी थोडे बोलू.

आपल्या शकुंतलेची रीत साधी होती. यवतमाळ ते मूर्तिजापूर हा ११३ किलोमीटरचा अरुंद लोहमार्ग. मँचेस्टरला १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत ही गाडी ओढत होते. या गाडीत आरक्षण नव्हतेच. पुढच्या काळात तर गार्डच तिकिटे देत असे. तिकीट घ्यायचे, आत शिरायचे, आणि कुणी ‘सरका भाऊ’ म्हटले की सरकायचे. ती गाडी आता बंद झाली.

आपली मुले हल्ली शिक्षणासाठी, नोकरीसाठी युरोपात जातात आणि आईवडील त्यांना भेटायला जातात. जर्मनीत तिकीट म्हणजे फक्त प्रवासाचा हक्क. ठरावीक जागा हवी असेल तर साधारणपणे वेगळे पैसे भरावे लागतात. जागा राखलेली नसली तरी बहुतेक गाड्यांत चढता येते आणि रिकामे आसन पाहून बसता येते. राखलेल्या आसनावर माणूस १५ मिनिटांत आला नाही तर त्याचा हक्क जातो. फ्रान्सच्या वेगवान टीजीव्ही गाडीत मात्र आरक्षणाशिवाय चढताच येत नाही. युरेल पास घेतला म्हणजे सगळे झाले, असेही नाही. अशा गाड्यांत पास असूनही जागेचे वेगळे पैसे पडतात.

आपल्याकडची तऱ्हा तिसरीच. इथे पूर्ण भाडे भरूनही जागा मिळेलच असे नाही. पक्के तिकीट असेल तर प्रश्न नाही. ‘आरएसी’ असेल तर आत बसायला मिळते, पण एका बर्थवर दोघे. ‘वेटिंग’ म्हणजे रांगेत उभे राहणे. ही रांगही एकच नसते. गाडी जिथून सुटते तिथल्या प्रवाशांची मुख्य रांग, आणि मधल्या स्थानकांच्या वेगळ्या, छोट्या रांगा. मुख्य रांग भरभर सरकते. मधल्या स्थानकांच्या वाट्याला मुळातच थोड्या जागा असतात, त्यामुळे तिथला दहावा क्रमांक मुख्य रांगेतल्या तिसाव्यापेक्षाही अवघड ठरू शकतो.

यवतमाळकराला हे नेमके लागू पडते. मुंबईची गाडी धरायला आपण पिढ्यान्‌पिढ्या धामणगाव, वर्धा, बडनेरा गाठत आलो. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गापैकी वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला, हा आनंदच आहे. पण लांबच्या गाडीत आपण बहुतेक वेळा मधल्या स्थानकावरचेच प्रवासी असतो.

यावर एक उपाय आहे. सेवाग्राम एक्सप्रेस नागपूरहून सुटते. धामणगावहून जागा मिळत नसेल, तर नागपूरपासूनचे तिकीट काढून चढण्याचे ठिकाण धामणगाव असे नोंदवता येते. भाडे थोडे जास्त पडते, पण जागा पक्की होण्याची शक्यता वाढते. ती नोंद मात्र तिकीट काढतानाच करा. नागपूरचे तिकीट घेऊन न सांगता धामणगावला चढायला गेलात, तर तिकीट तपासनीस तुम्ही आलाच नाहीत असे समजून तो बर्थ दुसऱ्याला देऊ शकतो.

काही गोष्टी घरातल्या सगळ्यांना ठाऊक असाव्यात. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडते. पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. तत्काळची खिडकी आदल्या दिवशी उघडते, वातानुकूलित वर्गासाठी सकाळी १० वाजता आणि इतरांसाठी ११ वाजता. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी आधारची पडताळणी लागते.

इंटरनेटवर काढलेले तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगच राहिले, तर ते आपोआप रद्द होते आणि पैसे खात्यात परत येतात. खिडकीवरचे तिकीट तसे रद्द होत नाही. गाडी सुटण्याच्या किमान अर्धा तास आधी आपणच ते रद्द करावे लागते, नाहीतर पैसे बुडतात. आणि खिडकीवरचे असले तरी वेटिंगच्या तिकिटावर स्लीपरच्या डब्यात बसण्याचा हक्क मिळत नाही.

हे सगळे सांगण्याचे कारण असे की प्रत्येक प्रवास हौसेचा नसतो. आपल्या जिल्ह्यातून कितीतरी रुग्ण मुंबईला टाटा रुग्णालयात उपचाराला जातात. कर्करोगाच्या रुग्णाला आणि त्याच्या सोबत्याला रेल्वेभाड्यात सवलत आहे. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला घेऊन आरक्षणाच्या खिडकीवर जावे लागते. पुष्कळ घरांना हे माहीतच नसते. रुग्ण डब्याच्या दाराशी, पिशवी उशाला घेऊन, रात्रभर बसून जातो.

तुमच्या गल्लीत, वाडीत असे कुणी निघालेले असेल, तर आजच त्यांच्या घरी जा. तारीख विचारा आणि तिकिटावर काय लिहिले आहे ते वाचून दाखवा. वेटिंग असेल, तर अजून काय करता येईल ते त्यांच्यासोबत बसून पाहा.