ऑस्करच्या मागची खोली

2000 सालचा बुद्धिबळाचा ऑस्कर व्लादिमिर क्रामनिकला मिळाला. जगभरचे बुद्धिबळ पत्रकार आणि जाणकार आपापली क्रमवारी पाठवायचे, मॉस्कोचं ‘64’ हे नियतकालिक ती जुळवून निकाल लावायचं. पण त्या वर्षीचा कौल लंडनमध्येच ठरला, असं मी म्हणेन. थेम्सकाठच्या हॅमरस्मिथमध्ये रिव्हरसाइड स्टुडिओज आहे. पूर्वी तिथे बीबीसीचं चित्रीकरण चालायचं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथेच गॅरी कास्पारोव आणि क्रामनिक जगज्जेतेपदासाठी भिडले.

या लढतीतली मला सगळ्यात मोलाची वाटणारी माणसं पटावर बसलीच नव्हती. क्रामनिकच्या गोटात सर्गेई दोल्मातोव, जोएल लोतिए आणि स्पेनचा मिगेल इयेस्कास होते. 1997 मध्ये कास्पारोवला हरवणाऱ्या आयबीएमच्या ‘डीप ब्लू’ संगणकाला तयार करणाऱ्या चमूत हाच इयेस्कास होता! आणि खुद्द क्रामनिक? 1995 मध्ये कास्पारोव आनंदशी खेळला, तेव्हा तो कास्पारोवचा सहाय्यक होता. घरात वावरलेल्या माणसाला कुठली खिडकी नीट लागत नाही, हे ठाऊक असतं.

तयारी पहिल्याच डावात दिसली. कास्पारोवने राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे सारलं आणि क्रामनिकने तेव्हा अडगळीत पडलेला बर्लिन बचाव बाहेर काढला. आठव्या चालीला दोन्ही वजीर पटाबाहेर. काळा राजा वजिराच्या घरात उघड्यावर, किल्लेकोटाचा हक्क गेलेला, वजिराच्या बाजूची दोन प्यादी एकामागे एक अडकलेली. वरवर पाहिलं तर काळ्याचं नुकसानच. पण कास्पारोवची खरी ताकद हल्ल्यात, आणि वजीर गेल्यावर हल्ल्यातला जोरच निघून जातो. हे हेरणं ही त्या गोटाची करामत. चार डावांत पांढऱ्या मोहऱ्यांनी कास्पारोवने हा बचाव फोडू पाहिला; चारही बरोबरीत सुटले. दुसरा आणि दहावा डाव क्रामनिकने मारला. निकाल साडेआठ-साडेसहा. कास्पारोवला एकही डाव जिंकता आला नाही. जगज्जेत्याने एकही डाव न जिंकता किताब गमावण्याची वेळ त्याआधी 1921 मध्ये लास्करवर आली होती.

आपल्या आनंदला सहा वेळा ऑस्कर मिळाला. त्यातल्या 2008 च्या ऑस्करआधी बॉनमध्ये त्याने याच क्रामनिकला नमवलं, तेव्हा कोलकात्याचा सूर्यशेखर गांगुली त्याच्या सहाय्यकांत होता. ‘64’ने मतपत्रिकेत सहाय्यकांसाठीही एक रकाना ठेवायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

पुण्याचा अभिजित कुंटे 2003 मध्ये एडिंबरोत ब्रिटिश अजिंक्यपद जिंकला, म्हणजे स्वतः पटावर नाव कमावलेला माणूस. 2024 मध्ये बुडापेस्टला भारतीय महिलांनी ऑलिंपियाडचं सुवर्ण जिंकलं, तेव्हा तो संघाचा कर्णधार होता. आज कोण खेळणार, कुणाला विश्रांती, हे ठरवणारा. नागपूरच्या दिव्या देशमुखने तिथे वैयक्तिक सुवर्णही पटकावलं. तसा रकाना असता, तर त्या वर्षी मी पहिलं नाव कुंटेचं लिहिलं असतं.