सकाळी परिपाठ, संध्याकाळी हरिपाठ

बीड जिल्ह्यातल्या चौसाळ्याच्या जिल्हा परिषद शाळेत सकाळी परिपाठ होतो: राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार, बोधकथा. धर्माचा तास मात्र नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड निजामाच्या राज्यात होतं. त्या राज्यातल्या उस्मानिया विद्यापीठात मुसलमान विद्यार्थ्यांना दीनियात, म्हणजे इस्लामचं धर्मशिक्षण, शिकवत; इतरांना अखलाक, म्हणजे नीती. राज्यघटनेच्या कलम २८ ने पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत धर्मशिक्षणाला मनाई केली. अनुदानित शाळेत ते चालतं, पण पालकांच्या संमतीनेच.

अमेरिकेची तऱ्हा निराळी. १९१४ पासून गॅरी शहरात मुलांना शाळेच्या वेळेतच धर्मवर्गाला सोडू लागले. वर्ग शाळेबाहेर भरत असेल तर हरकत नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये ठरवलं. आपल्याकडे शाळा सुटल्यावर दप्तर कोपऱ्यात टाकून पोरं हरिपाठाला नाहीतर मकतबात पळतात. त्यासाठी कुणी कोर्टाची पायरी चढत नाही.