बरणी बदलली म्हणून विष जात नाही

वस्तीभेटीला जाणाऱ्या बंधू-भगिनींना एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. "गुत्त्यावरची दारू वाईट, हे कबूल. पण घरीच गाळली आणि स्वच्छ काचेच्या बरणीत धरली, तर तिच्यात वाईट काय?" प्रश्न प्रामाणिक आहे. त्याला "दारू वाईटच" एवढे उत्तर पुरत नाही. म्हणून या अंकात आपण भांड्यांविषयीच बोलू.

नंदुरबार किंवा गडचिरोलीकडे मोहाची फुले आंबवतात. बेलापूर-श्रीरामपूरचा आपला पट्टा उसाचा. इथे काळा गूळ किंवा मळी पाण्यात भिजवून आंबवतात. हे मिश्रण म्हणजेच पोलिसांच्या बातम्यांत येते ते 'कच्चे रसायन'. आंबताना त्यात वायू तयार होतो. नव्या द्राक्षारसाने जुने बुधले फुटतात, हा शुभवर्तमानातला दाखला याच वायूचा आहे. पुढे हे रसायन चुलीवर उकळतात, वाफ नळीतून नेऊन थंड करतात आणि ठिबकणारे थेंब एखाद्या भांड्यात धरतात. हे शेवटचे भांडे कोणते, यावर बरेच अवलंबून असते.

कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवू नये, ते कळकते, हे आपल्याकडे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. दारूचेही तेच. रसायन आंबट झालेले असते आणि त्या आंबटपणाचा अंश वाफेबरोबर पुढे येतो. त्यामुळे तांबे-पितळेतून तांबे, जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यातून जस्त आणि डाग दिलेल्या सांध्यातून शिसे दारूत उतरू शकते. अमेरिकेत चोरून दारू गाळणाऱ्यांनी वाफ थंड करायला मोटारींचे जुने रेडिएटर वापरले. त्यांच्या डागातले शिसे दारूत उतरले आणि पिणाऱ्यांना शिशाची विषबाधा झाली. शिसे चवीला कळत नाही. ते हळूहळू मेंदू, मज्जातंतू आणि मूत्रपिंडे बिघडवते.

प्लास्टिक आणि रबराची गोष्ट वेगळी. मद्यार्क हा चांगला विद्रावक आहे. पाण्यात न विरघळणारे अनेक पदार्थ त्यात विरघळतात. प्लास्टिक लवचीक करण्यासाठी घातलेली रसायने आणि ट्यूबच्या रबरातली द्रव्ये तो ओढून घेतो. गरम थेंब पडत असतील तर आणखीच. सर्वांत घातक म्हणजे कीटकनाशकाचा किंवा कारखान्यातल्या रसायनाचा रिकामा कॅन. तो स्वस्तात मिळतो, पक्का असतो, झाकण घट्ट बसते. पण औषध प्लास्टिकच्या अंगात मुरलेले असते. राखेने घासा, उकळत्या पाण्याने विसळा, ते पुरते निघत नाही. दारू भरली की हेच मुरलेले औषध पुन्हा बाहेर येते.

मग काच? काचेवर मद्यार्काचा परिणाम होत नाही, तिला वासही धरत नाही. गोव्यात काजूची फेणी 'गराफांव' नावाच्या मोठ्या काचेच्या बरण्यांत साठवण्याची जुनी रीत आहे, ती यासाठीच. या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथे भट्टीला सरकारी परवाना लागतो. तेव्हा विचारणाऱ्याचे अर्धे म्हणणे खरे आहे, हे आपण मान्य केले पाहिजे. भांड्यांत काच सर्वांत निर्धोक.

पण काच एवढेच करते की स्वतःचे विष त्यात घालत नाही. आत आलेले विष ती काढून टाकत नाही. आधीची नळी रबराची आणि पिंप गंजलेले असेल, तर काचेच्या बरणीत तेच उतरते.

मोठी भीती मिथेनॉलची आहे. गुळाच्या आंबवणात ते फारच थोडे तयार होते. माणसे पटापट दगावतात ती बहुधा कारखान्यांसाठी असलेले मिथेनॉल दारूत मिसळल्यामुळे. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसे गेली, ती अशाच दारूने. आपल्याच जिल्ह्यात, फेब्रुवारी २०१७ मध्ये निवडणुकीच्या दिवसांत, पांगरमलला विषारी दारूने घरेच्या घरे उघडी पडली. घरची दारू कमी पडली की बाहेरून आणलेल्या कॅनातली त्यात ओततात. मग ती घरची राहत नाही, बरणी मात्र घरचीच दिसते.

मिथेनॉल दिसायला साध्या दारूसारखेच. काडी लावून ज्योत निळी दिसली म्हणजे दारू शुद्ध, ही परीक्षा खोटी आहे. मिसळलेली दारूही तशीच जळते. पहिली धार फेकून दिली की विष गेले, हेही खरे नाही. मिथेनॉल पुढच्या धारेतही येत राहते. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल बनते आणि ते डोळ्यांच्या नसेवर घाव घालते. दहा मिलिलिटर शुद्ध मिथेनॉलनेही दृष्टी जाऊ शकते.

कायद्याचीही गोष्ट सांगितली पाहिजे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय दारू गाळणे हा गुन्हा आहे, आणि त्यासाठी भांडी बाळगणे हाही. काचेची बरणी इथे सूट देत नाही.

वस्तीवर जाताना आपण तीन गोष्टी सांगू या.

पहिली, मुलांच्या पाण्याची. दारूसाठी आणलेला कॅन रिकामा झाला की बहुतेक वेळा तो पाणी भरायला लागतो. ज्याने दारूला हात लावलेला नाही, ते लेकरूही मग तेच औषध पिते. रसायनाचा कॅन पाण्याला, तेलाला, धान्याला वापरू नये. त्याला भोक पाडून तो निकामी करावा.

दुसरी, दवाखान्याची. विषारी दारूची लक्षणे लगेच दिसत नाहीत, पुष्कळदा बारा ते चोवीस तासांनी दिसतात. डोके दुखणे, उलट्या, पोटात कळा, डोळ्यांपुढे धुके आल्यासारखे दिसणे. 'उतरेल झोपल्यावर' म्हणून थांबू नये. १०८ ला फोन करावा, डॉक्टरांना खरे सांगावे, उरलेली दारू भांड्यासह दाखवावी. या विषावर उपचार आहेत, पण ते वेळेवर सुरू व्हावे लागतात. पोलिसांच्या भीतीने लपवलेली रात्र माणसाचे डोळे नेते, कधी जीवही.

तिसरी आपल्या स्वतःसाठी. भट्टीजवळ बसलेली बाई बहुधा पिणारी नसते. ऊसतोडीचा हंगाम संपला की चूल पेटवायला तिच्याकडे दुसरे साधन उरत नाही. तिला भांड्याची खरी माहिती द्यावी, दोष देऊ नये. पुढच्या खेपेला ती दार उघडील आणि घरात कोणी अत्यवस्थ झाले तर वेळेवर हाक मारील.