लाइट म्हणजे नक्की काय गं?

'लाइट गेली' म्हणजे वीज गेली. 'लाइट लाव' म्हणजे दिवा लाव. साडीचा 'लाइट कलर' म्हणजे फिका, रात्रीचं 'लाइट जेवण' म्हणजे हलकं. शब्द एकच, अर्थ किती!

आपल्या मोडनिंबवरून १९०६ पासून पंढरपूरला धावलेली 'बार्शी लाइट रेल्वे'सुद्धा दिव्यांची नव्हे, हलक्या बांधणीची. रूळ जेमतेम अडीच फुटी. पण वारीच्या दिवसांत माणसांनी खच्चून भरलेली हीच गाडी पंढरी गाठायची. नाव हलकं, काम जड!

मैत्रिणींनो, आपली कंबरदुखी, अंगावर जाणं ऐकून कुणी 'लाइट घे गं' म्हणालं, तर तेवढ्यानं दुखणं हलकं होत नाही. अशा वेळी सरळ डॉक्टरकडे जायचं!