विजेचा दर कोण ठरवितो?

बाजारात एका दुकानी गूळ महाग मिळाला, तर गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानाची पायरी चढते. दुकानदारांच्या या चढाओढीनेच भाव आवाक्यात राहतो. विजेचे तसे नाही. एकाच रस्त्यावर तीन-तीन कंपन्यांनी आपापले खांब रोवावे व तारा ओढाव्या, तर तो सारा खर्च अखेर वीज वापरणाऱ्याच्याच माथी बसावयाचा. म्हणून बहुतेक ठिकाणी एका मुलखाला एकच वीजपुरवठादार असतो. (मुंबईच्या उपनगरांत काही भागांत दोन कंपन्यांतून निवड करता येते, परंतु तो अपवाद होय.) जेथे दुसरे दुकानच नाही, तेथे भाव रास्त आहे की नाही हे पाहावयाचे कोणी?

महाराष्ट्रात पूर्वी दर ठरविण्याचे काम राज्य विद्युत मंडळच करीत असे. १९६० साली स्थापन झालेल्या या मंडळाने खेडोपाडी वीज नेली, हे त्याचे कार्य मोठेच. परंतु खर्च करणारेही मंडळ आणि दर आकारणारेही मंडळ. त्यावर पुन्हा सरकारची इच्छा. हिशेब बाहेरच्या कोणी तपासावा अशी सोय फारशी नव्हती. १९९८ साली संसदेने विद्युत नियामक आयोगांचा कायदा केला आणि १९९९ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला. २००३ च्या विद्युत कायद्यानुसार आता त्याचा कारभार चालतो. अध्यक्ष व सदस्य यांची मुदत पाच वर्षांची असून त्याच पदावर त्यांची पुन्हा नेमणूक होत नाही. कोणाची मर्जी राखण्याचे त्यांना कारण उरू नये, असा यात हेतू आहे.

आयोगाचे खरे स्वरूप दिसते ते जाहीर सुनावणीत. दर बदलून हवा असेल त्या कंपनीला आयोगापुढे याचिका दाखल करावी लागते. वीजखरेदी, कर्जाचे व्याज, पगार, दुरुस्ती, तारांतून होणारी गळती अशा प्रत्येक बाबीचा तपशील तिला द्यावा लागतो. याचिकेची माहिती वृत्तपत्रांत प्रसिद्ध होते, लोकांकडून सूचना व हरकती मागविल्या जातात. मग यंत्रमागवाला, शेतकरी, कारखानदार, साधा घरगुती ग्राहक, ज्याला बोलावयाचे असेल तो उभा राहून बोलतो आणि कंपनीच्या अधिकाऱ्यांना उत्तर द्यावे लागते. साक्षीदार व कागदपत्रे बोलावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आयोगाला आहेत. जो खर्च अवाजवी ठरेल, तो दरात धरला जात नाही. तो कंपनीनेच सोसावयाचा असतो.

या उलटतपासणीचे महत्त्व आरंभीच दिसून आले. अनेक शेतीपंपांना मीटर नव्हते. त्यांनी किती वीज वापरली, हे अंदाजाने लिहिले जाई. २००० सालच्या सुमारास आयोगापुढे आकड्यांची छाननी झाली, तेव्हा शेतकऱ्यांच्या नावावर मांडलेल्या विजेपैकी बरीचशी वस्तुतः गळतीत व चोरीत जात होती, असे उघड झाले. शेतकऱ्याने न वापरलेली वीज त्याच्या खाती पडत होती, आणि तिची झळ इतर ग्राहकांनाही पोचत होती. कोणा एका माणसाने कितीही तक्रार केली असती, तरी हे हिशेब त्याला कोणी दाखविले नसते.

आयोग म्हणजे सरकार नव्हे, तसेच तो सरकारचा वैरीही नव्हे. शेतकऱ्यांना वा अन्य वर्गाला स्वस्त वीज द्यावी असे सरकारला वाटले, तर ते अवश्य द्यावे. मात्र सवलतीची रक्कम सरकारने कंपनीकडे आगाऊ भरली पाहिजे, असे कायदा सांगतो. तसे न केल्यास आयोगाने ठरविलेलाच दर लागू होतो. शिवाय नवी जोडणी किती दिवसांत द्यावी, बिघाड किती वेळात दुरुस्त करावा, याचीही मानके आयोग ठरवितो. ती न पाळल्यास ग्राहकाला भरपाई मागता येते. त्यासाठी तक्रार निवारण मंच आहेत व त्यांच्यावर विद्युत लोकपाल.

आयोगाचाही निर्णय अखेरचा नसतो. त्याविरुद्ध दिल्लीच्या विद्युत अपील न्यायाधिकरणाकडे व तेथून कायद्याच्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाकडे जाता येते. वीजकंपन्या आणि ग्राहक, दोघेही त्या वाटेने गेलेले आहेत.