लाइन क्लिअर न मागता

सेवाग्रामला ते नाव मिळालं त्यामागे सेवाभाव आहेच, पण टपालाचा घोळही आहे. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले. त्याच मुंबई-नागपूर लोहमार्गावर, पश्चिमेला बुलढाणा जिल्ह्यात, गजानन महाराजांचं शेगाव. गांधीजींची पत्रं तिकडे जाऊ लागली. शेवटी १९४० मध्ये गावाचंच नाव बदललं. दोन ठिकाणांचा पत्ता एक असून चालत नाही, हा संगणकाच्या जाळ्याचा पहिला नियम आपला जिल्हा संगणक येण्याआधीच शिकला होता.

आश्रमात एक जुना टेलिफोनही आहे. व्हाइसरॉय लिनलिथगो यांना गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून सरकारनं बसवलेला. त्या काळच्या टेलिफोनची रीत अशी, की बोलणं सुरू झालं की या टोकापासून त्या टोकापर्यंतची वाट त्या दोघांच्या नावे राखली जायची. दोघं गप्प बसले तरी ती अडलेलीच. (सोमवारी गांधीजींचं मौन असायचं, म्हणजे त्या दिवशी तार फारच निवांत.) बोलण्यासाठी ही व्यवस्था उत्तम. पण हजारो यंत्रांना एकमेकांशी मधूनमधून, झटक्याझटक्यानं बोलायचं असेल तर ती परवडत नाही.

म्हणून संगणकाच्या जाळ्यात वाट कुणाच्याच नावे राखत नाहीत. माहितीचे तुकडे करतात, प्रत्येकावर पत्ता घालतात आणि एकाच वाटेवरून सगळ्यांचे तुकडे मिसळून सोडतात. या तुकड्याला पॅकेट म्हणतात. साधारणपणे मोठ्यात मोठं पॅकेट १,५०० बाइटचं. एक गिगाबिटच्या लाइनवर ते चढवायला बारा मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला ऐंशी हजारांहून जास्त पॅकेटं निघतात. वाटेत जिथे फाटे फुटतात तिथे राउटर बसलेला असतो. पत्ता वाचायचा, योग्य फाट्यावर ढकलायचं आणि फाटा मोकळा नसेल तर रांगेत उभं करायचं, एवढंच त्याचं काम. सगळी गंमत या रांगेत आहे.

वर्धेकरांना रांग समजावून सांगायची गरज नाही. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे देशाचे दोन हमरस्ते सेवाग्राम ते नागपूर या टप्प्यात एकत्र येतात. गाडी वेळेवर आलेली असते, इंजिन धडधाकट असतं, तरी ती आउटरला उभी. चूक गाडीची नसते, रुळांचीही नसते, पुढे आधीच कुणीतरी असतं.

या वाट पाहण्याचं गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या आग्नर एर्लांग यांनी १९०९ पासून मांडायला घेतलं. पॅकेटं आपल्या मर्जीनं, लहानमोठी येत असतील असं धरू. लाइन निम्मी भरलेली असताना नव्या पॅकेटला सरासरी एका पॅकेटाइतकं थांबावं लागतं. ९० टक्के भरली की नऊ पॅकेटांइतकं, ९५ टक्क्यांना एकोणीस आणि ९९ टक्क्यांना नव्याण्णव. शेवटच्या चार टक्क्यांनी थांबणं पाचपटीहून जास्त वाढवलं! खर्चाचा हिशेब करणाऱ्याला निम्मी रिकामी लाइन उधळपट्टी वाटते. जाळं सांभाळणाऱ्याला तीच रिकामी जागा मोलाची. मी सांभाळणाऱ्याच्या बाजूचा.

रेल्वेशी तुलना मात्र इथवरच. पुढच्या स्टेशनानं लाइन क्लिअर दिल्याशिवाय गाडी सुटत नाही. इंटरनेटवरचं पॅकेट कुणालाही न विचारता सुटतं. राउटरची रांग भरलेली असेल तर तो आलेलं पॅकेट चक्क फेकून देतो, पाठवणाऱ्याला कळवतही नाही. पोच आली नाही यावरून पाठवणाऱ्यानं काय ते समजायचं.

समजून काय करायचं, हे ठरायला एक फजिती व्हावी लागली. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचं बर्कली विद्यापीठ यांच्यातली वाहतूक सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळली. दोन्ही ठिकाणांत अंतर ४०० यार्ड! पोच आली नाही की प्रत्येक यंत्र तेच पॅकेट पुन्हा पाठवत होतं, त्यामुळे गर्दी आणखी वाढत होती. व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरेल्स यांनी त्यावर शोधलेला उपाय १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवात थोड्या पॅकेटांनी करायची, पोच येत गेली तर वाढवत जायचं, आणि पॅकेट हरवलं की मुकाट हात आखडता घ्यायचा. हरवलेलं पॅकेट हाच निरोप. वर कुणी कंट्रोलर नाही. प्रत्येक यंत्र आपणहून मागे सरतं, म्हणून जाळं चालतं. इतक्या भिडस्त लोकांची रांग मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

वेगवान लाइनवर हे जास्त अवघड होतं. वर्ध्याहून मुंबई रेल्वेनं साडेसातशे किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन साडेसात मिलिसेकंद. एक गिगाबिटवर तेवढ्या वेळात सहाशेहून जास्त पॅकेटं निघून गेलेली असतात; दहा गिगाबिटवर सहा हजारांवर. पुढे गर्दी आहे ही बातमी येईपर्यंत एवढी गाडीभर माणसं फलाटावरून सुटलेली.

मार्च २०१० मध्ये केंद्रानं ५,९९० कोटी रुपयांच्या नॅशनल नॉलेज नेटवर्कला मंजुरी दिली. विद्यापीठं, संशोधनसंस्था, वैद्यकीय महाविद्यालयं वेगवान तंतूंनी जोडायची, संस्थेला साधारण एक गिगाबिट. लहान गावातल्या केंद्रीय विद्यापीठाला याचा अर्थ मोठा, मग ते वर्ध्याचं हिंदी विद्यापीठ का असेना. आता एखाद्या रुग्णालयातून सीटी स्कॅनच्या चारशे प्रतिमा बाहेर पाठवायच्या आहेत असं धरा. एकेक अर्ध्या मेगाबाइटची, म्हणजे दोनशे मेगाबाइट. त्याच वेळी त्याच लाइनवर कुणी डॉक्टर व्हिडिओवर सल्ला देतोय. या धंद्यातले लोक पहिल्या प्रकाराला हत्ती म्हणतात, दुसऱ्याला उंदीर. हत्ती दोन सेकंद उशिरा पोचला तर बिघडत नाही, उंदीर अर्धा सेकंद अडला तर बोलणं तुटतं. म्हणून पॅकेटांवर खूण करून दोघांच्या रांगा वेगळ्या लावतात. पॅसेंजरला लूप लाइनवर घेऊन मेल पुढे काढतात तसं.

लाइन क्लिअरची रीत संगणकात अजिबात नाही असं मात्र नाही. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं, अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याच्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली. १९९१ चा परम ८००० हा महासंगणक त्यांचाच. पुढच्या परम पद्मसाठी सी-डॅकनं परमनेट-२ हे आतलं जाळंही स्वतः बनवलं, सेकंदाला अडीच गिगाबिटचं. तो संगणक जून २००३ च्या महासंगणकांच्या जागतिक यादीत १७१ वा होता. महासंगणकात शेकडो प्रोसेसर एकाच गणितावर बसलेले असतात, एकाचं उत्तर अडलं की सगळे खोळंबतात. तिथे पॅकेट फेकून देणं महागात पडतं. म्हणून अशा संगणकांत सर्रास दिसणाऱ्या इन्फिनिबँड जाळ्यात समोरचा आधी सांगतो, माझ्याकडे इतक्यांची जागा आहे, आणि तेवढीच पॅकेटं सुटतात. त्याचा तोटाही रेल्वेचाच. एक फलाट तुंबला की मागच्या मागे चार स्टेशनांपर्यंत गाड्या उभ्या.

इंटरनेटवरही रांग लांब ठेवली तर पॅकेटं हरवणार नाहीत, असं वाटून घरगुती राउटर बनवणाऱ्यांनी त्यांत भरपूर मेमरी घातली. ती भलतीच चूक ठरली. पॅकेट हरवत नाही म्हणून पाठवणाऱ्याला निरोप मिळत नाही, तो पाठवतच राहतो, रांग फुगते. पाण्याची टाकी मोठी केली म्हणून नळाची धार वाढत नाही, तसंच हे. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि त्याच जेकबसन यांनी तोड काढली. रांगेची लांबी मोजायची नाही, पॅकेट किती वेळ उभं राहिलं ते मोजायचं. पाच मिलिसेकंदांहून जास्त थांबणं बराच वेळ चालू राहिलं की एखादं फेकायचं.

आपल्याकडचं तपासायचं असेल तर सोपं आहे. संध्याकाळी घरातलं कुणी लग्नाचे व्हिडिओ वर चढवत असताना संगणकावर पिंग लावून पाहा, म्हणजे पॅकेट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते कळेल. एरवी दहा-वीस मिलिसेकंद दाखवणारा आकडा पाचशेवर गेला, तर कंपनीकडे जास्त वेगाचा प्लॅन मागण्याआधी कोपऱ्यातल्या त्या दिवे लुकलुकणाऱ्या डबीकडे बघा. रांग बहुधा तिथेच लागलेली असते.